विमानाच्या भीतीवरचा पार्ल्यातील चार शनिवारांचा वर्ग : एक अभिप्राय

विलेपार्ले पूर्वेला एका छोट्या सभागृहात विमानप्रवासाची भीती वाटणाऱ्या प्रौढांसाठी चार शनिवारांचा एक वर्ग चालतो. एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि एक निवृत्त वैमानिक मिळून तो घेतात. यंदा जानेवारीत मी तो पूर्ण केला आणि फेब्रुवारीत कुटुंबासह अंदमानला विमानाने जाऊन आले. वर्गाचे नाव इथे देत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्यांचा ठपकाही कोणावर ठेवायचा नाही. अशा वर्गाकडून काय मिळते आणि काय मागून घ्यावे लागते, एवढे मात्र माझ्यासारख्या इतरांपर्यंत पोचावे, असे मनापासून वाटते.

आमचे घर घाटकोपर पश्चिमेला सातव्या मजल्यावर आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने आमच्या भागावरूनच खाली येतात आणि त्यांचा आवाज आमच्या घरात पंख्याच्या आवाजाइतका सवयीचा आहे. तरीही २०११ च्या पावसाळ्यात दिल्लीहून परतताना बसलेल्या हादऱ्यांनंतर मी विमानात पाऊल ठेवले नव्हते. दिल्लीला राजधानीने गेले, केरळला नेत्रावतीने गेले आणि बेंगळुरूला भाचीच्या लग्नाला रजा मिळत नाही असे खोटे कारण सांगून गेलेच नाही. ते खोटे मला अजून सलते. गेल्या वर्षी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांनी सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी डोळ्यांनी पाहण्याची इच्छा बोलून दाखवली. चेन्नईहून जहाजाने जायचे तर अडीच-तीन दिवस लागतात आणि त्यांच्या गुडघ्यांना ते झेपण्यासारखे नव्हते. तिकिटे काढली त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. ते पाहून बाबा म्हणाले, "सूनबाई, तुला त्रास होणार असेल तर राहू दे, मी फोटोत बघेन." त्या वाक्यानंतर दोनच दिवसांत मी वर्गात नाव घातले.

चार सत्रे, प्रत्येकी अडीच तास, आठ जणांचा गट आणि सात हजार रुपये शुल्क, अशी एकूण रचना आहे. मेट्रोने अंधेरी आणि तिथून लोकलने एक स्थानक, त्यामुळे घाटकोपरहून जाणे-येणे सोपे पडले. सभागृह साधे पण स्वच्छ होते आणि सत्रे वेळेवर सुरू होत.

पहिले सत्र मानसशास्त्रज्ञ बाईंचे होते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आधार घेऊन त्यांनी घटना, तिच्याविषयीचा आपला समज आणि त्यातून येणारी भावना यांची फोड करून दाखवली. "विमान हलले" ही घटना. "आता ते पडणार आणि मला ते सहन होणार नाही" हा समज. सुटलेला घाम हलण्यातून येत नाही, समजातून येतो. हे पुस्तकी वाटेल, पण त्यांनी पुढे विचारलेला प्रश्न पुस्तकी नव्हता. गेल्या महिन्यात भीती कमी करण्यासाठी तुम्ही काय काय केले, याची यादी त्यांनी आम्हा प्रत्येकाकडून लिहून घेतली. माझ्या यादीत रोज रात्री मोबाइलवर आमच्याच मार्गावरचे विमान सुखरूप पोचले का ते पाहणे, दिवसातून तीनदा चेन्नईचे हवामान तपासणे आणि यजमानांना "नक्की काही होणार नाही ना?" असे विचारत राहणे, या गोष्टी होत्या. टाळणे आणि सतत खात्री करून घेणे या दोन्हींमुळे त्या क्षणापुरते बरे वाटते, आणि नेमके त्यामुळेच भीती जिवंत राहते, हे त्यांनी माझ्याच यादीवरून मला दाखवले. ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकले. चिंता करायचीच असेल तर रोज सायंकाळी सहा ते सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत वही घेऊन बसावे आणि इतर वेळी आलेला विचार त्या वेळेवर ढकलावा, असेही त्यांनी सांगितले होते. प्रवासाआधीच्या तीन आठवड्यांत मला सर्वांत जास्त आधार या वीस मिनिटांनी दिला.

दुसरे सत्र या वर्गाचा प्राण आहे आणि केवळ त्यासाठीही मी शुल्क भरले असते. निवृत्त वैमानिकांनी दारे बंद झाल्यापासून विमान थांबेपर्यंतचे ध्वनिमुद्रण आधी काहीही न सांगता ऐकवले. ज्या आवाजाला छातीत धस्स होईल तिथे हात वर करायचा होता. मी नऊ वेळा केला. मग त्यांनी तेच मुद्रण पुन्हा लावले आणि प्रत्येक आवाजाला त्याचे नाव दिले. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवर सर्वाधिक दिसणाऱ्या ए-३२० जातीच्या विमानांत, विमान जमिनीवर उभे असताना, पायाखालून करवत चालवल्यासारखा, थांबून थांबून येणारा आवाज येतो. तो बिघाडाचा नसून दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधील दाब सांभाळणाऱ्या भागाचा असतो. इंजिन सुरू होताना वातानुकूलन क्षणभर बंद पडते, कारण ती हवा इंजिन फिरवण्यासाठी वापरली जाते. धावपट्टीवर वेग घेताना येणारी टक्‌टक् पुढच्या चाकाखालून जाणाऱ्या मध्यरेषेवरील दिव्यांची असते. जमीन सुटल्यावरचा धप्प आवाज चाके आत गेल्याचा, आणि मधूनच होणारी 'टिंग' बहुतेक वेळा विमानसेविकांच्या आपापसातील निरोपांची.

सर्वांत महत्त्वाचा आवाज मात्र आवाज कमी होण्याचा होता. उड्डाणानंतर साधारण पंधराशे फुटांच्या आसपास वैमानिक इंजिनांचा जोर ठरल्याप्रमाणे कमी करतात. इंजिने एकदम शांत झाल्यासारखी वाटतात आणि त्याच वेळी विमान खाली चालल्याचा भास होतो. कानाच्या आतील समतोल राखणारे इंद्रिय वेग मोजत नाही, वेगातील बदल मोजते; त्यामुळे चढण नुसती मंदावली तरी शरीर तिला पडणे समजते. मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण केले तर हे बहुधा जुहूच्या समुद्रावर घडते, असे त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम सांगितले. २०११ मध्ये मी यजमानांचा दंड ज्या क्षणी घट्ट पकडला होता तो हाच क्षण होता. त्या भीतीचा उगम चौदा वर्षांनी कळला तेव्हा माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्याच सत्रात गटातील एका गृहस्थांनी अहमदाबादचा प्रश्न काढला. १२ जून २०२५ च्या त्या अपघातात विमानातील २४२ जणांपैकी २४१ जण आणि शिवाय जमिनीवरचे लोकही गेले. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जण त्या दिवसानंतरच वर्गाकडे वळले होते. या प्रश्नावर आकडेवारीची ढाल पुढे केली जाईल अशी माझी अपेक्षा होती, पण तसे झाले नाही. गेलेल्यांबद्दल वैमानिक आधी बोलले; मग म्हणाले की कारणांविषयी तर्क करणे माझे काम नाही, ते विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे आहे. त्यानंतर बाईंनी विचारले, "तो व्हिडिओ तुम्ही प्रत्येकाने किती वेळा पाहिला?" मी निदान तीस वेळा पाहिला होता. मनाला तारीख कळते, पण शरीर दर वेळी नव्याने घाबरते, आणि अशा तीस घाबरण्यांची बेरीज घेऊन आपण विमानतळावर जातो, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. धोका शून्य आहे असे त्या दोघांपैकी कोणीही एकदाही म्हटले नाही, आणि म्हणूनच त्यांच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

तिसऱ्या सत्रात हादऱ्यांचा विषय होता. हवेत 'खड्डा' नसतो. हवेचे प्रवाह वर-खाली होतात आणि विमान त्यांच्यासोबत हलते. सेवाकाळात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखांनी पेलून दाखवावा लागतो, तेव्हाच विमानाला मान्यता मिळते. इजा होते ती बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना. दोन्ही इंजिने बंद पडली तरी ३५,००० फुटांवरून विमान साधारण दीडशे किलोमीटर तरंगत जाऊ शकते, हे वैमानिकांनी फळ्यावर आखून दाखवले. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या विमानातील १५५ जण वाचले, त्याचीही आठवण त्यांनी करून दिली. त्या विमानाला तर उंचीही फारशी मिळाली नव्हती.

गृहपाठ मला विशेष आवडला. रोज अर्धा तास गॅलरीत उभे राहून उतरणारी विमाने पाहायची, पण प्रत्येकाची पुढची पायरी मनात म्हणायची : आता चाके बाहेर आली, आता पंखांच्या झडपा पूर्ण उघडल्या. दुसरा गृहपाठ प्रवास नसताना विमानतळापर्यंत जाण्याचा. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथे मार्ग बदलून पुढचेच टर्मिनल २ चे स्थानक. तिकिटाशिवाय आत जाता येत नाही, म्हणून बाहेर उभे राहून धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथून हलायचे नाही, अशी अट होती. पहिल्या दिवशी मला पस्तीस मिनिटे लागली, तिसऱ्या दिवशी बारा.

आता उणिवा. डोळ्यांवर चष्मा चढवून दाखवलेला आभासी विमानप्रवास अगदी निरुपयोगी होता. चित्र अडखळत होते, आमच्यापैकी तिघांना मळमळले आणि चौथ्या सत्राचा निम्मा वेळ त्यात गेला. श्वासाच्या सरावाला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, एवढे सांगितले गेले, पण घाबरलेला माणूस आकडेच भराभर मोजतो, याची पूर्वतयारी करून घेतली नाही. दिलेली सर्व टिपणे इंग्रजीत होती. गटात लालबागचे एक सत्तरीचे आजोबा होते, मुलाकडे दुबईला जाण्यासाठी आलेले. वर्गात मराठीतून ऐकलेले त्यांना सगळे समजत होते, पण हातातल्या कागदाचा त्यांना काहीही उपयोग नव्हता. याचे मला फार वाईट वाटले.

सर्वांत मोठी उणीव मला प्रत्यक्ष प्रवासात कळली. चेन्नईच्या विमानात मी पंखाजवळची जागा घेतली होती, कारण तिथे हादरे कमी जाणवतात. जुहूचा किनारा मागे पडला, आवाज उतरला, आणि मी मनात म्हटले, "जोर कमी केला, चढण मंदावली." तळहात ओले होते, पण मी डोळे उघडे ठेवू शकले. शेजारून यजमान पुन्हा पुन्हा सांगत होते, "काही होत नाही गं, घाबरू नकोस." त्यांची माया मला कळत होती, तरी त्या प्रत्येक वाक्याने माझे लक्ष पुन्हा भीतीकडेच वळत होते. उलट माझ्या लेकीने विचारले, "आई, आता पुढचा आवाज कोणता येणार?" आणि त्या एका प्रश्नाने मी सांगणारी झाले. सोबतच्या माणसांनी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे वर्गात कोणीच शिकवले नव्हते. सुट्टीवर माणूस एकटा जात नाही, म्हणून घरच्यांसाठी एक तास तरी ठेवायलाच हवा.

चेन्नईनंतर बंगालच्या उपसागरावर वीसेक मिनिटे विमान चांगलेच हलले. माझा श्वास जलद झाला आणि बोटांना मुंग्या आल्या. त्या वेळी अर्धा भरलेला पाण्याचा पेला समोर ठेवून पाहण्याची वैमानिकांची सूचना कामी आली. मला जेवढे वाटत होते त्याच्या मानाने पाणी फारच थोडे डुचमळत होते. भीती गेली नाही, पण भीतीसह बसता आले, आणि वर्गाने याहून अधिक वचन दिलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबा सावरकरांच्या कोठडीपाशी बराच वेळ हात जोडून उभे होते. परतीच्या आदल्या रात्री मात्र भीती पुन्हा पहिल्याइतकी दाटून आली. एकदा जमले की सुटलो अशी माझी समजूत झाली होती. परतीची वेगळी तयारी लागते, हेही आधी सांगायला हवे होते.

ज्यांना विमानाबाहेरही अचानक घबराटीचे झटके येतात किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. वर्गातही पहिल्याच दिवशी हेच सांगितले गेले. मनाने घेतलेली झोपेची गोळी किंवा मद्य हा उपाय नव्हे, हेही बाईंनी स्पष्टपणे बजावले. बाकीच्यांनी प्रवासाच्या किमान सहा आठवडे आधी नाव घालावे, म्हणजे गृहपाठाला वेळ मिळतो. मला तो कमी पडला.

परत आल्यावर मी या उणिवा संस्थेला लेखी कळवल्या आणि सोबत आवाजांच्या यादीचे एक पानी मराठी टिपण मोठ्या अक्षरांत करून दिले. त्यांनी ते पुढच्या गटाला वाटण्याचे मान्य केले आहे. लालबागच्या आजोबांचे विमान एप्रिलमध्ये आहे, म्हणून त्यांच्याकडे एक प्रत मी स्वतः पोचवली.