सिंक तुंबले आणि ११,८०० रुपये गेले

गोव्यातल्या फोंड्यातील आमच्या घराचे सिंक ऐन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर तुंबले आणि ते मोकळे करण्याच्या नावाखाली दोन तरुणांनी माझ्याकडून ११,८०० रुपये उकळले. नेवऱ्या तळून झाल्या होत्या, खतखत्याच्या मिश्र भाजीसाठी नारळ खवणे सुरू होते, यजमान माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या आराशीचे) सामान आणायला बाजारात गेले होते आणि सिंकमध्ये वीतभर खरकटे पाणी जागचे हलत नव्हते. नेहमीच्या प्लंबरने सण आटोपल्याशिवाय येता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. "आधी नीट चौकशी करायची ना," असे जे नातेवाईक आज मला ऐकवतात, त्यांनी त्या सकाळी आमच्या ओट्यापाशी उभे राहून दाखवावे.

पुढचा प्रकार वाचकांच्या ओळखीचाच आहे. मोबाईलवर सर्वांत वर दिसणारी जाहिरात, 'भेट शुल्क फक्त २९९ रुपये', गोड बोलणे आणि अर्ध्या तासात दारात हजर. सिंककडे एक नजर टाकून त्यांनी तुंबलेला पाईप मोकळा करायला आत यंत्राची लांब स्प्रिंग घालावी लागेल, फुटाला दीडशे रुपये पडतील, असे सांगितले. एकूण किती होतील, हे मी विचारले होते, हे मुद्दाम नमूद करते. "ताई, आत गेल्याशिवाय कसे सांगणार?" हे त्यावरचे उत्तर, आणि ते ऐकताना कोणालाही पटेल असेच होते. काम झाल्यावर हाती आलेल्या बिलात स्प्रिंग ६४ फूट, ९,६०० रुपये. गाळ विरघळवणाऱ्या रसायनाच्या दोन बाटल्या, २,९०० रुपये. भेट शुल्क २९९ रुपये. एकूण १२,७९९ रुपये. त्यातून 'सणाची सवलत' देऊन १०,००० केले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १,८०० रुपये चढवले. कर लावला आहे म्हणजे धंदा सरळ असणार, असे मला वाटले, आणि तसे वाटावे म्हणूनच तो लावलेला होता.

खरे तर सगळा बनाव उघडा पडावा असा एक क्षण येऊन गेला, आणि तो आठवला की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांनी स्वतःच्या बादलीतून काळा गाळ काढून दाखवला. त्यात लांब केसांचा गुंता होता आणि त्याला साबणाचा पांढरट थर चिकटलेला होता. आमच्या सिंकमध्ये खोबऱ्याचा कीस, चहाचा चोथा आणि तळणीचे तूप जाते. त्या गाळात खोबऱ्याचा एक कण नव्हता. तो कोणाच्या तरी न्हाणीघरातला गाळ होता आणि ते दोघे तो बादलीत सोबत घेऊन हिंडत होते. सासूबाईंनी विचारलेही, की स्वयंपाकघरात एवढे केस कुठून आले. "आजी, वर्षानुवर्षांचा जुना गाळ आहे," असे म्हणून त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि नेमके त्याच वेळी पाणी गडगड करत खाली गेले. साचलेले पाणी डोळ्यांदेखत उतरत असताना बादलीतल्या केसांचा पंचनामा कोण करत बसतो?

चवथ संपण्याआधीच सिंक पुन्हा तुंबले. नंतर आलेल्या आमच्या प्लंबरने सिंकखाली बादली ठेवली आणि बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या सांध्याची, खालची वाटी हाताने फिरवून काढली. तळणीचे वनस्पती तूप आत मेणासारखे थिजून बसले होते आणि त्यात खोबऱ्याचा कीस अडकला होता. त्याने ४०० रुपये घेतले. आधीच्या दोघांनी ट्रॅपला हातही लावला नव्हता, आणि तो उघडल्याशिवाय स्प्रिंग बाटलीच्या तळाशीच वेटोळे घालत राहते. आमच्या सिंकपासून बाहेरच्या गली ट्रॅपपर्यंतचे (सांडपाणी पडते त्या जाळीच्या खड्ड्यापर्यंतचे) अंतर टेपने मोजले, तर १२ फूट भरले. ६४ फूट स्प्रिंग खरोखरच गेली असती, तर ती शेजाऱ्यांच्या माडापाशी बाहेर आली असती. फुटाचा दर कोणी सांगितला, तर आधी स्वतः टेप लावा. त्यांच्या बिनलेबलच्या बाटल्यांत आमच्या प्लंबरच्या मते साधा कॉस्टिक सोडा होता. त्याच्या उष्णतेने तुपात तेवढ्यापुरती वाट झाली असावी. हा सोडा पाण्याच्या संपर्कात येताच तापतो, कातडी भाजतो आणि सेप्टिक टाकीतले उपयुक्त जिवाणू मारतो. त्यामागोमाग ॲसिड तर चुकूनही ओतू नका, आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो.

यानंतरची कथा सरकारी दारांची आहे. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले, की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, ओटीपी कोणी चोरला नाही, तेव्हा हा सायबर गुन्हा नव्हे, दिवाणी मामला आहे. बँकेने पिन तुम्हीच टाकला असल्याने व्यवहार वैध आहे, असे उत्तर दिले. मोजमापात फसवणूक झाली म्हणून संबंधित खात्याकडे गेले, तर त्यांचे काम दुकानातल्या तराजूंपुरते, असे ऐकावे लागले. बिलावरचा जीएसटी क्रमांक मी तपासला. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातील नोंदणीचा ३० या आकड्याने सुरू होतो. माझ्या बिलावर १४ अक्षरे होती आणि सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राची. सरकारच्या नावाने माझ्याकडून १,८०० रुपये घेतले गेले, ही तरी सरकारला स्वतःची तक्रार वाटेल, अशी माझी समजूत होती. जीएसटी कार्यालयातील साहेबांनी बिल उलटसुलट करून परत दिले आणि ऑनलाइन अर्ज करायला सांगितले. अर्जात विक्रेत्याचा खरा पत्ता भरणे बंधनकारक निघाले, आणि बिलावरचा पणजीचा पत्ता तर अस्तित्वातच नव्हता. ज्याने खोटा पत्ता दिला त्याचा खरा पत्ता फसलेल्या माणसाने शोधून आणायचा, मग ही खाती कशासाठी पोसली आहेत?

ठाण्यात काहीही सांगितले तरी, असे काही घडल्यास त्याच दिवशी सायबर आर्थिक फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. बिल कंपनीचे आणि क्यूआर कोड एखाद्या व्यक्तीच्या नावाचा असेल, तर तिथेच थांबा. माझ्या मोबाईलवर ते वैयक्तिक नाव स्पष्ट दिसत होते, पण "मालकांचेच खाते आहे" हे उत्तर तयार होते. तळणीचे भांडे आधी कागदाने पुसून मगच सिंकमध्ये ठेवा, खोबऱ्याच्या किसासाठी बारीक जाळी बसवा आणि महिन्यातून एकदा ट्रॅपची वाटी स्वतः उघडून धुवा. अडकलेच, तर रबरी पंप आधी वापरा. पीव्हीसीच्या पाईपमध्ये उकळते पाणी ओतू नका, सांधे सैल होतात.

ती जाहिरात आजही दिसते, भेट शुल्क तेच २९९, फोन क्रमांक तेवढा बदललेला आहे. ठाण्यातील हवालदाराने मला सुनावले, की या प्रकाराची त्यांच्याकडे तुमची एकटीचीच तक्रार आहे. फोंडा, मडकई, कुंडई, शिरोडा भागात ज्यांच्याकडे २७ ने सुरू होणारा १४ अक्षरी क्रमांक असलेले असे बिल असेल, त्यांनी ते घेऊन आपापला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये.