अतिवृष्टीच्या केवायसीला दोनदा अंगठा लावला, खात्यातले १०,००० गेले

सप्टेंबर २०२४ च्या पावसात आमचं तीन एकर सोयाबीन पाण्याखाली गेलं. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर. हेक्टरी १३,६०० प्रमाणे १६,३२० रुपये अनुदान बसत होतं. ते मिळायला केवायसी, म्हणजे आधारवर अंगठा लावून ओळख पटवणं, करावं लागतं. त्याला व्हीके नंबर (ज्याचा त्याचा विशिष्ट क्रमांक) लागतो आणि तो अनुदानाच्या यादीत असतो. यादी ना चावडीवर, ना ग्रामपंचायतीच्या फलकावर. गावातल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रवाल्याच्या मोबाईलात मात्र होती. म्हणून त्याच्याकडे गेलो. आता जो तो विचारतो, ‘शिकलेला माणूस तू, त्याच्याकडे कशाला गेलास?’ दुसरीकडे जायला नंबर हातात होता कुठं?

त्यानं आधार कार्ड घेतलं, १०० रुपये घेतले, अंगठा लावायला लावला. मग म्हणाला, “सर्वर गेलं दादा, परत लावा. आणि खातं कोणत्या बँकेत आहे?”

तिथंच मी उठायला हवं होतं. अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात आपोआप पडतं, केवायसीला बँकेचं नाव सांगावं लागत नाही. ते लागतं अंगठ्यावर पैसे काढायला. हे मला माहीत होतं हो! आईचे निराधारचे पैसे मीच तिला नेऊन तसे काढून आणतो. तरी बँकेचं नाव सांगितलं आणि दुसऱ्यांदा अंगठा ठेवला. मागं पंधरा माणसं रांगेत, हा सारखा घाई करतोय, तेवढ्यात डोकं चाललं नाही. पावती मागितली तर “उद्या न्या.” केवायसीची पावती तिथल्या तिथं निघते. हातात पडल्याशिवाय जागचं हलू नका.

वाचलेलं सहा क्विंटल सोयाबीन ४,०५० नं विकलं होतं (हमीभाव ४,८९२!), त्याचे २४,३०० खात्यात होते. सतरा दिवसांनी हरभऱ्याच्या फवारणीसाठी पैसे काढायला गेलो, तर १०,००० कमी. तारीख केवायसीचीच. मेसेज आला नाही, कारण बँकेत जुना, बंद पडलेला नंबर. तुमचा कोणता आहे ते आजच जाऊन बघा.

बँकेतले साहेब म्हणाले, “अंगठा तुमचाच आहे, व्यवहार बरोबर आहे.” पैसे कुणाच्या मशिनवरून गेले तेवढं तरी सांगा म्हटलं, तर “लेखी अर्ज द्या.” अर्ज दिला, तर पोच देईनात. ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते, आधी पोलिसांचं आणा. चार चकरा, ३२० रुपये भाडं. १९३० ला (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर) फोन केला तर इतके दिवस काय करत होता, असं मलाच विचारलं. कळल्याबरोबर त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखं बँकेच्या दारात बसून राहू नका.

तहसीलमध्ये तर कहर झाला. “अनुदान जमा झालं ना तुमचं? मग तक्रार कसली?” हो, १६,३२० आले. म्हणजे पहिल्याच अंगठ्याला केवायसी झाली होती, सर्वर गेलंच नव्हतं! यादी गावात का लावत नाही विचारलं, तर उत्तर आलं, “केंद्रांना दिलीय की.” पैसा सरकारचा, नुकसान आमचं आणि कुणाला किती मिळणार हे आधी कळणार केंद्रवाल्याला? आमच्या नावापुढचा आकडा आम्हीच त्याला विचारत जायचं?

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, मी आता लॉक करून टाकलंय. ॲपवर दोन मिनिटांत होतं, लागेल तेव्हा उघडता येतं. बँकेला पुन्हा अर्ज दिला, या वेळी रजिस्टर पोस्टानं. आणि माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून गावाची सगळी यादी रकमांसकट मागितली आहे. तीस दिवस येत्या मंगळवारी भरतात. यादी मिळाली की चावडीच्या भिंतीवर मीच चिकटवणार आहे.