वायफाय प्रिंटर घ्यावा की केबलचा? लाइट आल्यावर काय होतं, ते बघून ठरवा

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझा भाचा ऑनलाइन सेंटर टाकतोय. सातबारा, आठ-अ, पीकविम्याचे अर्ज, जून लागला की दाखल्यांची गर्दी आणि वर्षभर झेरॉक्स. त्याचा फोन आला, "मामा, वायफायवाला प्रिंटर घेऊ का साधा?" त्याच आठवड्यात धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या माझ्या ताईनेही तेच विचारलं. तिच्या घरी दोन लॅपटॉप, चार मोबाइल आणि नातवंडांचे शाळेचे प्रोजेक्ट. दोघांना मी वेगवेगळं उत्तर दिलं. ते का, हे नीट मांडून ठेवावं म्हणून हा लेख. तुमची गरज या दोघांपैकी कोणाच्या जवळची आहे ते बघत वाचा.

दुकानात गेलं की विक्रेता वेगावर बोलतो, मिनिटाला किती पानं वगैरे. जोडणीच्या बाबतीत छपाईचा वेग हा मुद्दाच नाही. सातबाऱ्याचं एक पान केबलने आलं काय आणि वायफायने आलं काय, हातात पडायला सारखाच वेळ लागतो. आपल्या खान्देशात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. लाइट गेली, तासाभराने परत आली, तर कोणी काही न करता प्रिंट निघते का? मी प्रत्येक जोडणी या एका प्रश्नावर घासून बघतो.

केबल

यूएसबी केबल या परीक्षेत पहिली येते. एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं चौकोनी टोक प्रिंटरला. लाइट आली, दोन्ही चालू झाले, काम सुरू. मध्ये राउटर नाही, पासवर्ड नाही, इंटरनेट असण्याशी संबंध नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत अजून दिसतो. त्यात वायफाय नाहीच, फक्त यूएसबी आहे, आणि इतकी वर्षं दुकानदारांचं त्यावाचून काही अडलं नाही.

सेंटरवाल्यासाठी केबलचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे स्कॅनिंग. अर्ज भरण्याच्या कामात निम्मा वेळ कागद स्कॅन करून ठरलेल्या केबीत बसवण्यात जातो. वायफायवर प्रत्येक स्कॅन थोडा रेंगाळतो, केबलवर तो चटकन येतो. एका पानाला हे जाणवत नाही. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली आणि काउंटरपुढे रांग लागली की चांगलंच जाणवतं.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून थेट प्रिंट निघत नाही, ही केबलची उणीव म्हणून सांगितली जाते. सेंटरमध्ये ती उणीव नाही. लोक पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवतात, ती कॉम्प्युटरवर उघडते आणि तिथूनच छापली जाते. शिवाय गिऱ्हाइकाला वायफायचा पासवर्ड द्यावा लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या नेटवर्कवर लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं स्कॅन होतात, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा मोबाइल जोडलेला नसावा.

खरी उणीव दोन ठिकाणी आहे. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा ५ मीटर, त्यामुळे प्रिंटर टेबलाजवळच हवा. आणि दुसरा कॉम्प्युटर आला की गुंता सुरू होतो. विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करता येतो, पण ज्याला केबल लावली आहे तो कॉम्प्युटर सतत चालू लागतो. त्यातही २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागातली) एक गंभीर त्रुटी उघड झाली, ती बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले, आणि त्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर ठिकठिकाणी शेअर केलेले प्रिंटर जोडले जाईनासे झाले. शेवटी "११बी" असलेला तो एरर अनेकांनी पाहिला असेल. त्यामुळे दोनपेक्षा जास्त कॉम्प्युटर असतील, तर शेअरिंगवर विसंबून राहू नका.

वायफाय

वायफाय प्रिंटर पहिल्या दिवशी फार छान वाटतो. मोबाइलवर कंपनीचं अ‍ॅप टाकायचं, ते सांगेल तसं करत जायचं, आणि पलंगावर बसून फोटो छापायचा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आता छपाईची सोय आतच असते. अ‍ॅपलने एअरप्रिंट २०१० मध्ये आणलं, अँड्रॉइडच्या बाजूने तशीच सोय मोप्रियाची आहे. ताईसारख्या घरात, जिथे सहा उपकरणं आहेत आणि प्रिंट कोण काढेल याचा नेम नाही, तिथे केबल लावून प्रत्येकाने एकाच लॅपटॉपपाशी जायचं याला अर्थ नाही.

अडचण सुरू होते ती लाइट आल्यावर. प्रिंटर काही सेकंदांत जागा होतो. फायबरच्या राउटरला मात्र पूर्ण उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात प्रिंटर नेटवर्क शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. चांगली मॉडेलं पुन्हा पुन्हा शोधत राहतात, काही जुनी मॉडेलं हाताने बंद-चालू करेपर्यंत तशीच बसून राहतात. बरं, जोडला गेला तरी पुढे दुसरी गोष्ट घडते. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता वाटतो. काल प्रिंटरला १९२.१६८.१.५ मिळाला होता. लाइट गेल्यावर बरेच घरगुती राउटर ही वाटणी विसरतात आणि आज ५ नंबर आधी जोडल्या गेलेल्या एखाद्या मोबाइलला देऊन टाकतात. प्रिंटर जातो ७ वर. लॅपटॉपला हे माहीत नसतं, तो पान ५ वरच पाठवत राहतो आणि स्क्रीनवर "ऑफलाइन" दिसतं. प्रिंटरचा दिवा मात्र चालूच असतो. अशा वेळी काउंटरवर उभे असलेले आबा विचारतात, "लाइट ते उनी, मंग कागद काबर निंघस नई?" आणि त्यांना द्यायला आपल्याकडे उत्तर नसतं.

यावरचा उपाय फुकट आहे, आणि वायफाय घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी करून टाकावा. राउटरच्या सेटिंगमध्ये "अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन" नावाचा पर्याय असतो. प्रिंटरमधून नेटवर्कच्या माहितीचं एक पान छापून घ्या, त्यावर मॅक अ‍ॅड्रेस असतो. हा प्रिंटरचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो राउटरमध्ये नोंदवून एक पत्ता प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवा. मग विंडोजमध्ये प्रिंटर आपोआप शोधू न देता आयपी पत्ता टाकून जोडा. तिथेच "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" ही खूण काढून टाका, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो आणि तुमचं पान भलतीकडेच जातं.

दुसरा उपाय राउटरला छोटा डीसी यूपीएस लावण्याचा. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून घ्या, बहुतेकदा ते १२ असतात, आणि यूपीएसची अँपिअरची क्षमता अ‍ॅडॉप्टरपेक्षा कमी नको. राउटर बंदच पडला नाही, तर वर सांगितलेली निम्मी कटकट उद्भवतच नाही.

आता भिंतींविषयी, कारण याबाबत आपला भाग वेगळा आहे. जुन्या धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती, दुकानात मध्ये मारलेला पत्रा आणि उन्हाळ्यात प्रत्येक घरात येणारा कूलर. अमळनेरला माझ्या घरी वायफाय प्रिंटर मार्चपर्यंत व्यवस्थित चालला आणि एप्रिलमध्ये रोज तुटायला लागला. राउटर तोच, पासवर्ड तोच. बरेच दिवस मी प्रिंटरलाच दोष देत होतो. शेवटी लक्षात आलं की राउटर आणि प्रिंटर यांच्या बरोबर मध्ये आम्ही कूलर आणून ठेवला होता. पत्र्याची पेटी आणि आत पाण्याने भरलेली टाकी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. प्रिंटर चार फूट बाजूला सरकवला आणि त्रास संपला. म्हणून जागा ठरवताना उन्हाळ्यातलं घर डोळ्यांपुढे आणा. आणि मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीशी प्रिंटर ठेवू नका. बहुतेक कंपन्या चालवण्यासाठी ३५ अंशांच्या आसपासची मर्यादा सांगतात, आणि आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या वर जातो.

जोडताना सगळ्यात जास्त लोक अडकतात ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवर. स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतात, मोबाइल ५ वर जाऊन बसतो, आणि अ‍ॅप म्हणतं प्रिंटर सापडत नाही. राउटरमधून ५ दहा मिनिटांपुरतं बंद करा, प्रिंटर जोडा, मग पुन्हा चालू करा. जमलं तर २.४ ला वेगळं नावच द्या. भिंतीपलीकडे जाण्यातही २.४ च बरं. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल, तर जुने प्रिंटर जोडले जात नाहीत, त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए२ लागतं. गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर ठेवू नका, तिथली उपकरणं सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत.

आणि इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. प्रिंटर, मोबाइल, टीव्ही सगळं काही न करता जोडलं जातं. फक्त राखीव पत्ता नव्या राउटरमध्ये पुन्हा नोंदवावा लागतो.

वायफाय डायरेक्ट, हॉटस्पॉट आणि लॅन

वायफाय डायरेक्टमध्ये प्रिंटर स्वतःच एक छोटं नेटवर्क तयार करतो. राउटर लागत नाही, मोबाइल थेट प्रिंटरला जोडायचा. ब्रॉडबँड नसलेल्या पाड्यावर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेत, मोबाइलवरून अधूनमधून प्रिंट काढायची असेल तर हा पर्याय खरोखर उपयोगी. कसोटीतही उतरतो, कारण लाइट आली की प्रिंटर आपलं नेटवर्क आपणच उभं करतो. पण लॅपटॉप प्रिंटरच्या वायफायला जोडला की त्याचं वायफायवरचं इंटरनेट जातं. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याला हे परवडत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर प्रिंटर कायमचा ठेवू नका. मोबाइल घेऊन तुम्ही जेवायला घरी गेलात की दुकानातली छपाई बंद.

लॅनची केबल, म्हणजे राउटरला लावायची नेटवर्कची तार, मात्र लोक विसरले आहेत, आणि ते मला चुकीचं वाटतं. शाळा, सोसायटी, केळीच्या व्यापाऱ्याचं ऑफिस, जिथे तीन-चार कॉम्प्युटर आहेत, तिथे लॅन पोर्ट असलेला प्रिंटर घ्या आणि राउटरपासून त्याच्यापर्यंत केबल टाका. १०० मीटरपर्यंत ती चालते, मातीची भिंत आणि कूलर तिला अडवत नाहीत. प्रिंटर तारेने राउटरला जोडला तरी लॅपटॉप आणि मोबाइल वायफायवरूनच त्यावर छापतात, म्हणजे वायफायची सोय मिळते आणि प्रिंटर तुटण्याचा त्रास होत नाही. पत्ता मात्र इथेही राखून ठेवा. बजेटमध्ये बसत असेल आणि छपाई रोजची असेल, तर माझी पहिली पसंती हीच. घरगुती इंकटँकच्या (बाटलीने शाई भरायच्या प्रिंटरच्या) खालच्या मॉडेलांत लॅन पोर्ट सहसा नसतो, खोक्यावर बघून घ्या.

मग घ्यायचा कोणता

वायफाय मॉडेल घेतलं म्हणजे केबल गेली असं नाही. एप्सनचे एल ३२१० आणि एल ३२५० ही सख्खी भावंडं आहेत. पहिल्यात फक्त यूएसबी, दुसऱ्यात यूएसबीही आणि वायफायही. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा जिथे घ्याल तिथे दोन्हींचे भाव विचारा आणि फरक कशासाठी देतोय ते स्वतःला विचारा. यूएसबी केबल खोक्यात आहे का तेही बघा.

भाच्याला मी केबलचा इंकटँक सुचवला. वाचलेले पैसे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाल म्हटलं. इंकटँक फार थोडी वीज घेतो, तो इन्व्हर्टरवर आरामात चालतो. लेझर प्रिंटर मात्र कागदावर शाईची पूड भाजण्यासाठी एकदम मोठा भार ओढतो, छोट्या यूपीएसवर तो लावू नये. लाइट नसतानाही दाखला छापून देणारं सेंटर गावात असेल, तर लोक तिथेच जातील. एक ताकीदही दिली. रात्री दुकान वाढवताना प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केला तरच हेड झाकणात जाऊन बसतं, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात शाई वाळते.

ताईसाठी वायफायचा घेतला. राउटरला छोटा यूपीएस लावला, पत्ता राखून ठेवला, प्रिंटर कूलरच्या रेषेतून बाजूला ठेवला. प्रिंटरच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे. त्यावर नेटवर्कचं नाव, राखीव पत्ता आणि नेटवर्कचं पान छापायला कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते लिहिलंय. पासवर्ड तिच्या वहीत आहे. परवा तिच्याकडे दोनदा लाइट गेली. संध्याकाळी नातीने मोबाइलवरून तिचा प्रोजेक्ट छापला आणि मला फोन आला नाही.