‘ब्रह्मकमळ’ म्हणून आणलेला फिशबोन कॅक्टस: पुण्याच्या गॅलरीतलं दीड वर्ष

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून अडीचशे रुपयांना हे रोप आणलं. कुंडीवर चिठ्ठी होती, ‘ब्रह्मकमळ’. मावशीने दिलेल्या फांदीचं ब्रह्मकमळ घरी आधीच होतं. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या आणि लगेच शंका आली. मावशीच्या रोपाची पानं (ती पानं नव्हेतच, चपटी झालेली खोडं आहेत) रुंद, कडा हलक्या लाटेसारख्या. नव्या रोपाच्या कडा खोल कापलेल्या, एक दाता डावीकडे, पुढचा उजवीकडे, थेट माशाचा काटा.

आपण घरोघरी लावतो ते ब्रह्मकमळही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंगच आहे, एपिफायलम ऑक्सिपेटालम. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. माझं रोप या दोन्हींपैकी नव्हतं.

नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, कॅक्टस आहे, वाळू घाला आणि उन्हात ठेवा. मी ऐकलं. मे महिन्यात दुपारच्या उन्हाने फांद्यांवर पांढुरके चट्टे पडले, ते आजही तसेच आहेत. जुलैत पावसाची झड गॅलरीत येऊन वाळूत पाणी मुरत राहिलं आणि बुंधा काळा पडून मऊ झाला. दोन चांगल्या फांद्या कापल्या, पाच दिवस सावलीत सुकू दिल्या आणि मग लावल्या. तीन आठवड्यांत मुळं धरली. आजचं झाड त्या दोन फांद्यांचंच.

खरी चूक कळली ती नाव शोधताना. हा वाळवंटातला निवडुंग नाही, मेक्सिकोच्या डोंगरी जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतो. म्हणजे ऑर्किडचा सोबती. तेव्हापासून नारळाच्या सालीचे तुकडे, परलाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे खडे), थोडा कोळसा आणि मूठभर गांडूळखत एवढंच घालते. पूर्वेची गॅलरी, सकाळचं कोवळं ऊन, मार्च ते जून हिरवी जाळी. वरचा थर सुकला की पाणी, थंडीत फार कमी. हिवाळ्यात दात्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसला होता. कापसाने पुसून कडुनिंबाचं तेल मारलं, दोन वेळात गेला. बाकी त्रास नाही.

आता ओळखीचं. ‘फिशबोन’ म्हणून बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात आणि गोंधळ तिथेच होतो. डिसोकॅक्टस अँग्युलिगर (जुन्या पुस्तकांत एपिफायलम) आणि सेलेनिसेरियस अँथोनियानस, ज्याचं वर्णन 1950 मध्ये क्रिप्टोसेरियस या नावाने झालं. पहिल्याच्या दात्यांमधली खाच मधल्या शिरेपासून बरीच अलीकडे थांबते. दुसऱ्याची जवळजवळ शिरेला भिडते, दाते बोटांसारखे लांब होतात, आणि ते वेलासारखं हवाई मुळं सोडत वर चढतं. पण कोवळ्या फांदीवर यातलं काहीच ठरत नाही. मी तीनदा मत बदललं. फुलाशिवाय खात्री धरू नका.

या ऑक्टोबरमध्ये कळी आली. रोज रात्री टॉर्च घेऊन बघत होते. नळी बारीक, हिरवट, मग बाहेरच्या पाकळ्या पिवळसर झाल्या. लालसर जांभळ्या झाल्या असत्या तर अँथोनियानस. रात्री साडेनऊला उघडलं, वितीपेक्षा थोडं कमी लांब, आत पांढरंशुभ्र, आणि वास एवढा गोड की घरातली माणसं आपणहून बाहेर आली. अँग्युलिगर. मावशीच्या फुलाचा थाट मोठा, पण मला हेच जास्त आवडलं.

घ्यावं का? फुलाची घाई नसेल तर नक्की घ्या, नुसत्या फांद्याही लोंबत्या कुंडीत देखण्या दिसतात. चिठ्ठीवर मात्र विसंबू नका. याच दिवाळीत दुसऱ्या नर्सरीतून आणलेल्या ‘फिशबोन’च्या खाचा शिरेला भिडल्यात आणि मुळं खिडकीच्या गजाला चिकटलीत. त्याच्या कळीची वाट उन्हाळ्यात बघणार आहे.