पेटीवर बसलेल्या हातांसाठी पियानोचे पुस्तक

प्रौढ वयात पियानो शिकू पाहणाऱ्यांना जी इंग्रजी पुस्तके वारंवार सुचवली जातात, त्यांत ‘आल्फ्रेड्स बेसिक अडल्ट ऑल-इन-वन कोर्स’ या पुस्तकाच्या पहिल्या भागाचे नाव हटकून येते. विलार्ड पामर, मॉर्टन मॅनस आणि अमांडा विक लेथको यांनी रचलेल्या या अमेरिकी अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत. एरवी धडे, संगीतशास्त्र आणि बोटांचे व्यायाम यांसाठी वेगवेगळी पुस्तके घ्यावी लागतात. येथे ती सामग्री एकाच पुस्तकात क्रमाने गुंफलेली आहे. हे परीक्षण पहिल्या भागापुरते मर्यादित आहे आणि ते एका विशिष्ट वाचकाला समोर ठेवून लिहिले आहे : कोल्हापुरात राहणारा, चाळिशीच्या आसपासचा, लहानपणी पेटी शिकलेला किंवा निदान भजनात पेटी ऐकत वाढलेला, आणि आता मुलांसाठी म्हणून आणलेल्या कीबोर्डवर स्वतःच बसू लागलेला माणूस. मी स्वतः याच वर्गात मोडतो.

गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक ज्या शहरात घडला आणि जेथे देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या मैफलींची परंपरा आहे, तेथे कोरी पाटी घेऊन पियानोकडे वळणारा प्रौढ माणूस तसा विरळाच. कोणी मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या एक-दोन परीक्षा दिलेल्या असतात, कोणी नाट्यगीतांना साथ केलेली असते, आणि ज्याने यांपैकी काहीच केलेले नसते त्यालाही ‘काळी चार’ म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हे ठाऊक असते. पुस्तक मात्र वाचकाला संगीताचा गंधही नाही असे धरून चालते आणि दोन काळ्या पट्ट्यांचा गट कोणता व तीन काळ्या पट्ट्यांचा कोणता, येथपासून सुरुवात करते. त्यामुळे पहिली काही पाने आपण भराभर उलटतो, आणि याच वेगाने पुढचेही पुस्तक संपेल असा समज होतो. तो डाव्या हाताशी आल्यावर संपतो.

पेटीत डावा हात भाता सांभाळतो आणि स्वरांचे सगळे काम उजवा करतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने उजवा हात पट्ट्यांकडे न पाहता फिरतो, तर डाव्या हाताच्या करंगळीने आणि अनामिकेने आयुष्यात कधी एक स्वरही वाजवलेला नसतो. या पुस्तकाचे सर्वांत मोठे श्रेय मला हेच वाटते की, ते दोन्ही हातांना पहिल्यापासून सारखी वागणूक देते. उजव्या हाताचा अंगठा मधल्या ‘सी’वर, म्हणजे आपल्या भाषेत मधल्या सप्तकातील पांढरी एकवर, आणि डाव्या हाताची करंगळी त्याच्या खालच्या सप्तकातील पांढरी एकवर, अशी बैठक ठरवून दिलेली आहे. बोटांना दोन्ही हातांत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ असे क्रमांक असल्यामुळे सा उजव्या हाताच्या १ क्रमांकावर येतो, तर डाव्या हाताच्या ५ क्रमांकावर. पंचमाचे नेमके उलट होते. कागदावर ही बाब क्षुल्लक दिसते. प्रत्यक्षात दोन्ही हातांनी एकाच वेळी सा रे ग म प असे चढायचे ठरवले की एक हात अंगठ्याकडून निघतो आणि दुसरा करंगळीकडून, आणि पेटीवर मुरलेला माणूसही गोंधळून थांबतो. पुस्तक घाई करत नाही. आधी एकेक हात, मग आळीपाळीने, मग एका हाताचा लांब स्वर धरून ठेवून दुसऱ्याची चाल, आणि त्यानंतरच दोघांचे स्वतंत्र काम, असा क्रम आहे. हा क्रम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजवायच्या स्वरसमूहांची, मांडणी तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पहिली कॉर्ड ‘सी’ची, म्हणजे सा, ग, प, डाव्या हाताच्या ५, ३ आणि १ या बोटांनी. तिच्यानंतर ‘जी-सेव्हन’ येते, पण ती मूळ रूपात न देता खालचा निषाद, मध्यम आणि पंचम अशा आटोपशीर रूपात दिली आहे, ज्यात अंगठा पंचमावरून हलतच नाही, करंगळी केवळ अर्धा स्वर खाली सरकते आणि तर्जनी मध्यमावर पडते. ‘एफ’च्या कॉर्डमध्ये उलट करंगळी षड्जावर स्थिर राहते, तर्जनी मध्यमावर येते आणि अंगठा धैवतावर सरकतो. हात उचलून दूर फेकावा लागत नाही, म्हणून न पाहता कॉर्ड बदलण्याची सवय लवकर लागते. या तीन कॉर्डवर एखादी सोपी आरती किंवा बालगीत साथीसह बसवून पाहण्याचा मोह प्रत्येक मराठी शिकाऊ वादकाला होणार, आणि तो पुरा करायला हरकत नाही. फक्त यमनमधल्या गाण्याला ‘एफ’ची कॉर्ड लावू नये, कारण तिच्यात शुद्ध मध्यम आहे आणि गाण्यातल्या तीव्र मध्यमाशी तो भांडतो. पुस्तकाच्या लेखकांकडून हा इशारा मिळण्याची अपेक्षा अर्थातच नाही.

आघाताची जाण हा पेटीवाल्यांचा दुसरा कच्चा दुवा. पेटीचा आवाज भात्याच्या दाबावर अवलंबून असतो, पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. पियानोत पट्टी ज्या वेगाने खाली जाते त्यावर हातोडीचा तारेवरील आघात आणि म्हणून स्वराचा मोठेपणा ठरतो. शिवाय पेटीत पट्टी दाबलेली असेपर्यंत आणि हवा मिळत असेपर्यंत स्वर तसाच राहतो, तर पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरू लागतो. पुस्तकात मोठ्या-लहान आवाजाची चिन्हे आणि पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) बरेच लवकर येतात, परंतु हाताचे वजन कसे सोडावे, मनगट कोठे सैल असावे, याबद्दलचा मजकूर त्रोटक आहे. जमिनीवर मांडी घालून वाजवणाऱ्या माणसाला तर बैठकीची उंची येथपासून शिकावे लागते : कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत असावे लागते, आणि टीपॉयवर ठेवलेल्या कीबोर्डपुढे सोफ्यावर बसून ते साधत नाही. एवढ्यापुरते तरी कोणी जाणकाराने समोर बसून हात पाहिलेले बरे.

आता गाण्यांविषयी. हे पुस्तक अमेरिकी वाचकाच्या कानांवर विसंबून रचलेले आहे. त्यातील बहुतेक रचना तेथील लोकगीते, नाताळगीते आणि प्रार्थनागीते आहेत, जी तेथील माणसाने शाळेत किंवा चर्चमध्ये ऐकलेली असतात, आणि चूक झाली की त्याचा कानच त्याला सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांना यांतले ‘जिंगल बेल्स’ तेवढे ओळखीचे. ज्यांच्या घरी चर्चमधील गाण्यांचा परिचय आहे त्यांना आणखी काही. बाकीची गाणी म्हणजे केवळ कागदावरच्या खुणा. प्रथमदर्शनी ही त्रुटी वाटते, आणि अनेकजण याच कारणासाठी पुस्तक बाजूला ठेवून यूट्यूबवर हिंदी चित्रपटगीतांचे धडे शोधू लागतात. माझे मत उलट आहे. ओळखीची चाल असली की आपण वाचत नाही, आठवतो. पेटीवाल्याचा कान तयार असल्याने तर पहिल्या दोन मापांनंतर त्याचे डोळे पुस्तकावरून उडतात आणि उजवा हात आपला आपण पुढे धावतो. चाल अजिबात माहीत नसेल तर प्रत्येक स्वर वाचावाच लागतो, अर्धा मात्रा की दीड हे मोजावेच लागते, आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचण्याची क्षमता त्यातूनच येते. ज्या वाचकाला डोळ्यांपुढे धरून हे पुस्तक लिहिले, त्याच्यापेक्षा आपल्याला या बाबतीत ते अधिक लाभते, असे मी म्हणेन.

याला एक अट आहे. वाचून वाजवलेले बरोबर आहे का, हे पडताळण्यासाठी ध्वनिमुद्रण हवे. या पुस्तकाच्या काही आवृत्त्यांबरोबर सीडी किंवा डीव्हीडी येते, काहींबरोबर काहीच येत नाही, तेव्हा मागवताना वर्णन नीट वाचावे. ध्वनिमुद्रण आधी ऐकू नये. रचना पूर्ण वाचून झाल्यावर ऐकावे, नाहीतर वरचा सगळा लाभ वाया जातो.

लयीच्या बाबतीत आपण पुस्तकाच्या बरेच पुढे असतो. चार मात्रांची आणि तीन मात्रांची मापे, पहिल्या मात्रेवरचा जोर, यांवर पुस्तक बराच वेळ घालवते. केरवा आणि दादरा कानात असलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. शेवटाकडे स्कॉट जॉप्लिनच्या १९०२ सालच्या ‘द एंटरटेनर’चे सोपे केलेले रूप येते, आणि त्यात मात्रेच्या मध्यावर पडणारे उजव्या हाताचे आघात डाव्या हाताच्या सरळ ठेक्यावर तोलायचे असतात. पुस्तकातील सर्वांत आनंद देणाऱ्या पानांपैकी ही पाने आहेत, आणि तबल्याच्या साथीत वाढलेल्या माणसाला ती जड जाणार नाहीत.

स्वरस्थानांच्या विचारातही असेच अंतर आहे. आपण कोणत्याही पट्टीला सा मानून पुढचे स्वर मोजतो. पुस्तकात ‘सी’ हा कायम ‘सी’च असतो. म्हणून ‘जी’ मेजर (‘जी’पासून सुरू होणारे शुद्ध स्वरांचे सप्तक) शिकवताना ‘एफ’ शार्प (‘एफ’च्या लगतची वरची काळी पट्टी) का लागतो याचे जे लांबलचक स्पष्टीकरण दिले आहे, ते आपल्यासाठी एका वाक्यात संपते : पांढरी पाचला सा धरला की शुद्ध निषाद काळी तीनवर येतो. ‘एफ’ मेजरमध्ये पांढरी चारला सा धरल्यावर शुद्ध मध्यम काळी पाचवर येतो. मायनर स्वरसप्तकाचे जे हार्मोनिक रूप पुस्तक वापरते, त्याचे स्वर किरवाणी रागाचे आहेत हे ओळखल्यावर तोही भाग परका राहत नाही. मात्र ही ओळख मनात ठेवूनही वाचताना नावे पुस्तकाचीच घ्यावीत. सरगम मनात म्हणत वाचायची सवय लागली, तर सा बदलताच सगळी नावे बदलतात आणि वाचन पुन्हा पहिल्या पानावर येते.

पुस्तकाचा खरा दोष निराळाच आहे. पाच बोटे पाच पट्ट्यांवर ठेवून हात तेथेच स्थिर ठेवण्याची ‘पोझिशन’ची पद्धत ते फार लांबवते, आणि स्वरांच्या डोक्यावर बोटांचे क्रमांक उदारपणे छापते. परिणामी शिकणारा स्वर वाचण्याऐवजी आकडे वाचू लागतो, आणि हात सरकवण्याची वेळ आली की आकड्यांचा आधार तुटून पडतो. यावर साधा उपाय म्हणजे पेन्सिलने अनावश्यक आकडे खोडून टाकणे. हात जेथे जागा बदलतो तेथलेच ठेवावेत. नॅन्सी व रॅन्डल फेबर यांचे प्रौढांसाठीचे ‘अडल्ट पियानो ॲडव्हेंचर्स’ हा दुसरा प्रचलित पर्याय आहे. तो अधिक मोकळा आणि दिसायला देखणा आहे, आणि पेटी न येणाऱ्या, खरोखर पहिल्यांदाच वाद्याला हात लावणाऱ्या माणसाला मी तोच सुचवेन. पेटीवाल्याला डाव्या हाताची आणि कॉर्डची शिस्त अधिक हवी असते, म्हणून त्याच्यासाठी आल्फ्रेड.

वाद्याबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या भागासाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, पण तो आघाताला प्रतिसाद देणारा असावा आणि त्याला पेडल जोडण्याची सोय असावी. या दोन गोष्टी नसतील तर पुस्तकातील काही पाने निरर्थक ठरतात. पुढे जायचेच असेल तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. लाकडी पियानोच्या मोहात कोल्हापुरात पडू नये, असे मी म्हणेन. आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेतील ओलावा लाकूड फुगवतो, स्वर उतरतात-चढतात, आणि वाद्य वारंवार जुळवून घ्यावे लागते. डिजिटल वाद्याला हेडफोन लावता येतो, हा चाळीत आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वेगळा फायदा.

ज्यांना पुढे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीत-परीक्षा मंडळांच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांनी एक लक्षात घ्यावे : हे पुस्तक अमेरिकी परिभाषा वापरते, तर त्या परीक्षा ब्रिटिश. पुस्तकातला ‘क्वार्टर नोट’ तेथे ‘क्रॉचेट’ असतो आणि ‘हाफ नोट’ ‘मिनिम’. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला दोन्हींची जोडी लिहून ठेवली की काम भागते. परीक्षेचा अभ्यासक्रम मात्र या पुस्तकातून पुरा होत नाही, त्यासाठी त्या मंडळांची पुस्तके स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

मागवताना शक्यतो प्लॅस्टिकच्या कंगव्यासारख्या बांधणीची प्रत घ्यावी, कारण ती स्टँडवर सपाट उघडी राहते आणि दोन्ही हात गुंतलेले असताना पान आपोआप मिटत नाही. झेरॉक्स करून बांधलेल्या प्रती स्वस्त पडतात, पण त्यांत ठिपक्यांचे स्वर आणि पेडलच्या बारीक रेषा पुसट होतात, आणि दीड मात्रेचा स्वर एक मात्रेचा वाचला जातो. दुसरा भाग लगेच मागवण्याची गरज नाही. पहिल्या भागातल्या शेवटच्या रचना बोटांचे क्रमांक खोडून, थांबण्याची गरज न पडता वाजू लागल्या की तो मागवावा.