विश्वामित्रीचं पाणी तपासायला टीडीएस पेन की ऑक्सिजन किट? आठ महिन्यांच्या वापरानंतर

नदीचं पाणी तपासायचं म्हटलं की बडोद्यात लोक आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं पेन विकत घेतात आणि आकडा कमी आला की निश्चिंत होतात. पेन मोजतं ती फक्त विद्युतवाहकता, तिला ०.५ ते ०.७ ने गुणून टीडीएस दाखवतं. सांडपाण्यातली सडणारी घाण त्याला दिसत नाही. ती सडताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खाते आणि तो घटला की दिसते, म्हणून पैसे विंकलर पद्धतीच्या (रसायनं घालून ऑक्सिजन मोजणाऱ्या) किटवर घालावेत.

तरी पेनाचा एक उपयोग आहेच. एकाच दिवशी नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वाचन घ्यावं. मध्येच वाहकता उसळली तर तिथे नाला मिसळतोय. दर पंधरवड्याला १४१३ मायक्रोसीमेन्स वाहकतेच्या द्रावणावर जुळवून घ्यावं. आम्लता मोजणारं पीएचचं पेन मात्र नाजूक. टोपीत पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण ठेवावं; डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं तर काचेचा गोळा सुस्तावतो आणि आकडा सरकत राहतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तर दर वाचनानंतर धुवावंच लागतं.

आता किट. यात ३०० मिलीची काचेची बाटली, तीन द्रावणं, १० मिलीचं ब्युरेट (खुणांची मोजनळी), थायोसल्फेट आणि स्टार्च येतं. खरी चूक होते ती पाणी भरतानाच. काठावर उतरायचं नाही, विश्वामित्रीत मगरी आहेत. काळा घोड्याच्या पुलावरूनच नमुना घ्यायचा. पण बादली ओढून पाणी बाटलीत ओतलं की हवा मिसळते आणि मेलेलं पाणीही बरं दिसतं. उपाय सोपा: वजन बांधलेल्या डब्यात बाटली ठेवा, डब्याच्या बुचातून दोन नळ्या काढा. पाणी आणणारी नळी बाटलीच्या तळापर्यंत, हवा सोडणारी डब्याच्या वरच्या टोकापर्यंत. डबा भरेपर्यंत बाटलीतलं पाणी दोन-तीनदा बदलतं.

पुलावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २-२ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून घाला. बुडबुडा न राहता बूच लावा, बाटली उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही, पुढचं टायट्रेशन (ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब घालून मोजणं) नावापुरतं. साका बसल्यावर २ मिली सल्फ्युरिक ॲसिड घाला. हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग बाटली अंधारात ठेवून घरी नेली तरी काही तास चालते. बाटलीतलं २०३ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेटने टायट्रेट केलं की १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, हिशेब करायलाच नको. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. निळा रंग गेला की थांबा. थोड्या वेळाने परत आला तर तिकडे लक्ष देऊ नका.

वेळही महत्त्वाची. दुपारी शेवाळं ऑक्सिजन सोडतात. ३०° ला पाण्यात मावतो लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम, आणि वाचन ९ आलं तर ते नदीच्या आरोग्याचं लक्षण नव्हे, शेवाळं माजल्याचं आहे. रात्रभर तीच शेवाळं ऑक्सिजन खातात, म्हणून पहाटेचं वाचन खरं. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो. त्याच्याशी ताडायचं ते हेच वाचन.

किटची एक तक्रार: थायोसल्फेटची बाटली पांढऱ्या प्लॅस्टिकची आहे. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर क्षीण होतं, जास्त मिली लागतात आणि ऑक्सिजन फुगलेला दिसतो. आल्याबरोबर तपकिरी काचेच्या बाटलीत काढा आणि महिन्यातून एकदा पोटॅशियम आयोडेटवर पडताळा. स्टार्च निळ्याऐवजी तांबूस रंग देऊ लागलं की फेकून नवं करा.