मानसशास्त्राच्या पदवीचा आराखडा आखून देणारी सेवा : बेळगावातील एक अनुभव

माझी मुलगी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि बेळगावात कला शाखेतून पीयूसी (बारावी) झाली. मानसशास्त्रातच पदवी घ्यायची हा तिचा निर्णय पक्का होता. पण तीन वर्षांत कोणते विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि पुढचा रस्ता कुठे जातो, हे सांगू शकेल असे आमच्या घरात कोणी नव्हते. म्हणून टिळकवाडीतील एका लहानशा शैक्षणिक मार्गदर्शन केंद्रात आम्ही गेल्या वर्षी 1500 रुपये भरून दोन बैठका घेतल्या. प्रत्येक सेमिस्टरचा लेखी आराखडा त्या शुल्कातच मिळतो.

पहिल्या बैठकीतला पहिला अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तिथल्या मॅडमनी विषयांची यादी समोर ठेवण्याआधी मुलीला विचारले, "तुला नेमके काय काम करायचे आहे?" रुग्णांवर उपचार करायचे आहेत, असे तिने सांगताच त्यांनी स्पष्ट केले की केवळ बी. ए. किंवा एम. ए. करून कोणी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू शकत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले व्यावसायिक प्रशिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याने चालते. शाळेतील समुपदेशन, मनुष्यबळ विभाग, संशोधन या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांची तयारीही वेगळी आहे. प्रवेश मिळवून देण्याची घाई असलेल्या माणसाने हे इतक्या उघडपणे सांगितले नसते. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ दूरशिक्षणाने घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घेण्याचा आग्रह धरत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे, हे आम्हाला याच बैठकीत कळले आणि तो विषय तिथेच संपला.

विषयांच्या क्रमावर या केंद्राने जे काम केले, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मुलीला अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मानसिक विकारांचा अभ्यास, पहिल्याच वर्षी वाचायला घ्यायचा होता आणि संख्याशास्त्र शक्य तितके पुढे ढकलायचे होते. मॅडमनी हा क्रम नेमका उलटा केला. महाविद्यालयाचे वेळापत्रक काहीही असो, घरच्या अभ्यासात सरासरी, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे माप) पहिल्या वर्षी पक्के करायचे; त्यानंतर मानसमापन, म्हणजे चाचण्यांनी मनाचे गुणधर्म मोजणे, आणि संशोधनपद्धती; आणि विकारांचा अभ्यास सामान्य, विकासात्मक व सामाजिक मानसशास्त्र समजल्यावर करायचा. यामागचे कारण त्यांनी एका उदाहरणातून पटवून दिले. एखाद्या चाचणीत कोणाला 60 गुण मिळाले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. पण त्या चाचणीची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन 10 असेल, आणि गुणांचे वितरण प्रसामान्य असेल, म्हणजे बहुतेकांचे गुण सरासरीजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखेच विरळ होत गेलेले असतील, तर ती व्यक्ती सुमारे 84 टक्के लोकांच्या पुढे आहे असे म्हणता येते. हे आकलन नसताना चाचण्या वापरणारा माणूस समोरच्याचे नुकसान करू शकतो, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रात्यक्षिकांबाबतही त्यांनी केवळ सल्ला दिला नाही. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचा प्रयोग त्यांनी मुलीकडून तिथेच टेबलावर करून घेतला, प्रत्येक फेरीचा वेळ आणि चुका लिहायला लावल्या, आणि फेरीगणिक चुका कशा घटतात याचा आलेख तिच्याच हाताने काढून घेतला. उजव्या हाताला झालेल्या सरावाचा फायदा डाव्या हातालाही मिळतो, हे तिने स्वतः मोजून पाहिले. जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या सवयीला सुरुवातीलाच आळा घालणारे हे शिक्षण होते.

तक्रार आहे ती लेखी आराखड्याबद्दल, आणि ती लहान नाही. आम्हाला दिलेला आराखडा चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचा होता. कर्नाटकात ती रचना 2021-22 पासून होती हे खरे; परंतु प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर 2024-25 पासून राज्याने तीन वर्षांची पदवी पुन्हा आणली. आमच्या हाती जुना कागद पडल्याचे महाविद्यालयात अर्ज भरताना लक्षात आले, आणि भरलेला विषयांचा तक्ता खोडून पुन्हा भरावा लागला. दुसऱ्या बैठकीत केंद्राने चूक मान्य करून, वेगळे पैसे न घेता, आराखडा बदलून दिला. तरीही सीमाभागातील पालकाला पडणारा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे, आणि तो पूर्ण केल्यास एका वर्षात एम. ए. करण्याची तरतूद राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. इकडे तीन वर्षांनंतर दोन वर्षांचे एम. ए. करावे लागते. वर्षे दोन्हीकडे पाचच होतात, मात्र खर्च, वसतिगृह आणि राज्य बदलण्याची वेळ यांत मोठा फरक पडतो. आपल्याकडच्या असंख्य घरांत कोल्हापूर की धारवाड ही चर्चा होतेच, आणि बेळगावातील केंद्राने ती तुलना मांडून दाखवायला हवी होती.

वाचनाची यादी संपूर्ण इंग्रजी होती. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या सेमिस्टरमध्ये ती पेलणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा ठोस उपाय मिळाला नाही. पुढे मुलीनेच तीन रकान्यांची वही केली : इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी अर्थ आणि कन्नड शब्द. कन्नडचा रकाना मात्र मॅडमच्या एका वाक्यामुळे आला. "पुढे धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत कामाचा अनुभव घ्यायचा असेल तर समोरचा माणूस आपले दुःख कन्नडमध्ये सांगेल, आणि ते तुला दुभाष्याशिवाय समजले पाहिजे," असे त्या म्हणाल्या. भाषेबद्दल आमच्या भागात मने किती हळवी आहेत हे मी जाणतो. तरीही हा सल्ला मला योग्य वाटला आणि मी तो घरात मनापासून उचलून धरला.

केंद्राची जागा अपुरी आहे आणि दिलेली वेळ दोन्ही वेळा अर्ध्या-पाऊण तासाने पुढे गेली. खानापूरहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीचा हिशेब तसाच ठेवावा. विषयाची समज आणि अभ्यासाचा क्रम यांसाठी मी या सेवेची शिफारस निःसंकोच करतो. प्रवेशाच्या नियमांसाठी मात्र त्यांच्या कागदावर विसंबू नये. जाताना आपल्या विद्यापीठाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम छापून सोबत न्यावा आणि आराखडा त्यावरच बेतून मागावा. केंद्रालाही माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक आराखड्याच्या माथ्यावर तो कोणत्या शैक्षणिक वर्षाच्या नियमांवर बेतला आहे हे ठळक अक्षरांत लिहावे.